चौथा गडी

बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, माणसांत मिसळा." मी जन्मभर माणसांतच होतो. लोणावळ्यात एखादा जुना बंगला पाडायचा ठरला की त्याचे दरवाजे, खिडक्या, कपाटं घ्यायची आणि विकायची, हा माझा धंदा. आंदर मावळातून रिकाम्या हाताने आलो आणि नुसत्या बोलण्याच्या जोरावर गोदाम उभं केलं. ती सगळी माणसं गिऱ्हाइकं होती, हे मला कळलं ते गोदाम मुलाकडे सोपवल्यावर. फोन वाजेनासा झाला. ज्येष्ठांच्या हास्यमंडळातही जाऊन आलो. हसण्यासारखं काही नसताना हात वर करून हसायचं, ते मला जमलं नाही.

मग एकदा जुन्या सवयीने मळवलीत एका बंगल्याचे सागवानी दरवाजे बघायला गेलो. मालक मुंबईचे, शनिवार-रविवारीच येणारे. बाकीचे दिवस बंगल्याचा राखणदार आणि त्याचे दोन सोबती व्हरांड्यात पत्ते खेळत. त्या दुपारी त्यांना चौथा गडी मिळत नव्हता.

"शेठ, मेंढीकोट येतो का?" राखणदाराने विचारलं.

"आधी दरवाजे दाखव."

"दारं कुटं पळून चालली न्हाईत. बसा हितं."

बसलो. दरवाजे बघायचे राहिलेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, मग रोजच जाऊ लागलो. माझा भिडू रेल्वेतून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा, मोजकं बोलणारा. मेंढीकोट हा दश्श्या जिंकायचा खेळ; त्यात भिडू समोर बसतो आणि त्याला खूण करायची नसते. पण माझ्या हातात दश्शी आहे, हे तो माझ्या गप्प बसण्यावरून ओळखायचा. संध्याकाळी माझ्या गुडघ्यामुळे तो मला रिक्षापर्यंत सोडायला यायचा. त्या वाटेवर मी त्याला सांगितलं की घरी कोणी माझ्याशी बोलत नाही, सगळे नुसतं विचारतात, जेवलात का, गोळी घेतलीत का. बायकोबद्दलही सांगितलं. दुसऱ्या कोणाला ते सांगितलं नव्हतं.

एका दुपारी डाव आमचाच होता. हुकूम मारायचा सोडून त्याने भलतंच पान टाकलं आणि माझी दश्शी गेली. माझं डोकं फिरलं.

"रेल्वेत काय झोपा काढल्यात का जन्मभर?"

त्याने पत्ते खाली ठेवले. "शेठ, घरी बोलायला कोणी नाही म्हणून इथे ओरडता तुम्ही."

बाकीचे दोघं हसले. रिक्षाच्या वाटेवर विश्वासाने सांगितलेलं त्याने चारचौघांत काढलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

मी उठलो. सौदा अडला की उठायचं, ही माझी जुनी रीत. फाटकापर्यंत पोचायच्या आत मागून हाक येतेच. शिवाय चौथ्या गड्यावाचून त्यांचा डाव मांडला जाणार नव्हता. फाटक आलं, रस्ता आला. हाक आली नाही.

पुढच्या शनिवारी तो घरी आला. खिडकीतून दिसला तसा मी आतल्या खोलीत गेलो आणि सूनबाईला म्हणालो, "घरात नाहीत म्हणून सांग."

पडद्याआडून ऐकत होतो. "गुडघा कसा आहे त्यांचा?" त्याने विचारलं.

"बरा आहे, काका. चहा घ्या ना."

"नको. येऊन गेलो म्हणून सांगा."

किती आनंद झाला मला! आला होता, स्वतःहून आला होता. आमच्या धंद्यात पहिल्या फेरीला आलेल्याला परत पाठवायचं असतं. दुसऱ्या फेरीला दार मीच उघडणार होतो. काका आले की कांदाभजी कर, असं सूनबाईला सांगूनही ठेवलं होतं.

तो आला नाही. वाट बघून बघून शेवटी मीच मळवलीला गेलो. व्हरांड्यात चौघं बसले होते, त्यातले दोघं नवे.

"शेठ! लय दिसांनी!" राखणदार म्हणाला. "तुमच्या भिडूला लेकीनं नाशकाला न्हेलं. कायमचं. तुमाला भेटायला आलता की."

"भेट झाली नाही."

"व्हय, त्येच म्हनाला."

रस्त्यावर येऊन फोन लावला. त्याने उचलला.

"त्या दिवशी बोललो ते चुकलंच माझं," तो म्हणाला. "तेच सांगायला आलो होतो. तुमच्या चपला दारात दिसल्या."

"मग हाक मारायची ना!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की समोरचा दुकानदार बाहेर आला.

"तुम्ही घरात नाही म्हणून सांगितलंत, शेठ. मी मानलं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. धंद्यात मला नाना तऱ्हेची माणसं भेटली. पहिल्याच नकाराला खरं मानणारा एकही भेटला नव्हता.

"या की इकडे एकदा," तो म्हणाला. "मुलीचं घर मोठं आहे."

मला तिथूनच निघायचं होतं. गाडी कितीची, एवढंच विचारायचं होतं. तोंडातून गेलं, "बघू."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने आणखी एकदा म्हणायला हवं होतं. मला अजूनही तसंच वाटतं.