सरळ पंखांच्या अकरा माश्या

लॅबमधले किस्से फळमाश्यांसारखेच. एक जोडी बाटलीत सोडा, दहा-बारा दिवसांत बाटली भरते. आमच्या लॅबमध्ये हव्या तशा निघत नव्हत्या त्या फक्त माझ्या माश्या.

माझ्या माशीत एक जीन बिघडलेला. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की माशी कोषातच मरते. एक चांगली असेल तर जगते, पण तिचे पंख कुरळे होतात. ती खूण आम्हीच ठेवलेली; पंख सरळ म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या. मी बाहेरून चांगला जीन घातला होता. सरळ पंखांच्या जिवंत निघाल्या, तर त्या वाचल्या आणि माझा थीसिसही. चार वर्षं रोज सकाळी बघत होते. सगळ्या कुरळ्या.

*

जुळे सोलापुरात आमच्या वर राहणाऱ्या काकूंनी लिफ्टपाशी गाठलं. एवढं शिकून माश्याच मारतेस का, म्हणाल्या.

"मारत नाही काकू, वाचवते."

"किती वाचल्या?"

मी जिन्यानं गेले. पाच मजले.

*

माश्यांचं जेवण लॅबमधले शिवप्पाकाका शिजवतात. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट. कंटाळा येत नाही का, विचारलं.

"लई बरं हाय. घरी मीठ कमी पडलं की ताट सरकवत्यात. हितं कोण बोलतंय?"

*

दार आपटलं की मी दचकते. एकदा हातातली बाटलीच सुटली, सगळ्या माश्या उडाल्या. मी रडायला लागले. गाईड मॅडमनी पाठीवर हात ठेवला.

"रडू नको अगं. कुरळ्याच होत्या त्या."

मग जास्तच रडले.

*

आणि हा किस्सा मे महिन्यातला. थीसिसची मुदत संपायला दहा दिवस. सकाळी बाटलीत अकरा माश्या, सगळ्या सरळ पंखांच्या! मॅडम मायक्रोस्कोपवरून डोळा काढेनात.

"जगल्या न्हवं?" काका म्हणाले. "बाहेर एवढं ऊन. म्हणलं लेकरं उकडतील, म्हणून त्यांचं कपाट अठरा डिग्रीवर केलं हुतं."

मॅडम खुर्चीत बसल्या. एवढ्या थंडीत वाढल्या तर कुरळे पंखही सरळ निघतात. हे मी एमएस्सीच्या पेपरात लिहिलेलं. "टाकून दे," त्या हळूच म्हणाल्या. मी बाटली साबणाच्या पाण्याच्या भांड्यात उपडी केली.

एक माशी बाटलीच्या तळाच्या जेवणात चिकटून राहिली. मॅडमनी आपलं नोंदीपुरतं तिचे जीन तपासायला लावले. चार दिवसांनी रिपोर्ट आला. तिच्या मूळच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. ती जगली होती मी घातलेल्या जीनवर.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. "एकीवर थीसिस उभा राहत नाही. बाकीच्या दहा कुठं आहेत?"

काका ओट्यापाशी होते.

"ते भांडं मी तवाच धुतलं की, म्याडम. लख्ख हाय."