चपलीचं नाटक

उत्तमराव रडायला लागले की पोलीस पाटलाच्याही डोळ्यांत पाणी यायचं, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. चाळीस वर्षं ते गावच्या नाट्यमंडळात बाईचं काम करत होते. आवडाबाई ही त्यांची खरी बायको. खरी म्हणायचं कारण एवढंच की रंगमंचावर त्यांना नवरे पुष्कळ झाले.

गाव शेलूबाजारपासून दोन कोसांवर. घर माळ्याचं, धंदा भाजीचा. मेथी, वांगी, उन्हाळ्यात काकडी. सकाळी मळ्यात, बाजाराच्या दिवशी शेलूबाजारला, आणि दिवाळी सरली की नाटक. तेव्हा गावातली बाई रंगमंचावर चढली असती तर तिला परत घरात कोणी घेतलं नसतं, म्हणून बाईचं काम कोणातरी पुरुषाला करावंच लागे. उत्तमराव अंगानं शेलाटे, मनगटं बारीक, मिशी नावालाच. त्यांच्या गळ्यात ते काम पडलं आणि गोड लागलं. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी आवडाबाईचं लग्नातलं लुगडं नेसून पहिलं बक्षीस आणलं. लुगडं परत आलं तेव्हा त्याला तोंडाच्या रंगाचे डाग होते. नवी नवरी काय बोलणार? तिनं ते धुतलं आणि पुढच्या खेळाला घडी घालून दिलं. नवऱ्याला एकदा पेटीत हात घालू दिला की तो तळापर्यंत जातो, हे तिला तेव्हा कळलं नाही.

मंडळाचं नाटक एकच होतं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेलं. गरीब विधवा, तिचा एकुलता एक मुलगा, दुष्ट जमीनदार, आणि शेवटी मुलगा मरतो. मुलाचं प्रेत मांडीवर घेऊन विधवा म्हणे, "हे बाळा, मज टाकुनी कोठे गेलास?" मास्तरांना हे वाक्य फार आवडायचं. लोक नेमके तेव्हाच बिडी पेटवायचे.

उत्तमरावांना हे डाचत असे. जेवताना, पाणी देताना, वाफे करताना ते वेगवेगळ्या आवाजात रडून बघत. आवडाबाईला हसू यायचं. त्यांची एकुलती मुलगी सुचिता तेव्हा चार वर्षांची. तीही बापाची नक्कल करून रडायची आणि घर हसायचं.

त्या उन्हाळ्यात सुचिताला गोवर आला. आधी घरचे उपाय झाले, देवीचं झालं, आणि मग पोर डोळे फिरवायला लागली तेव्हा जीप ठरवून वाशीमला निघाले. आवडाबाई मागच्या बाकावर, पोर मांडीवर. उत्तमराव पुढे ड्रायव्हरजवळ. वाशीम अजून लांबच होतं, तेव्हा मांडीवरचं ओझं एकाएकी जड झालं. आवडाबाईनं पोरीचे पाय चाचपले. ते उघडे होते. आणि तिच्या पोटातून जे निघालं ते तिला स्वतःलाही ओळखू आलं नाही. आधी खालून, गुरासारखं घुमलं, मग वर चढत मधेच फुटलं, आणि त्या फुटलेल्या आवाजातून शब्द आले:

"माय वं! इची चप्पल घरीच राह्यली वं!"

दुःखात माणूस असलंच काहीतरी बोलतो. मेलेल्या पोरीला चपलेचं काय? पण तेच आलं. उत्तमरावांनी मागे वळून पाहिलं. आवडाबाईला वाटलं, हे पोरीकडे बघतील. त्यांनी पोरीकडे पाहिलं नाही. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते, मान जराशी कलती, पेटीचा सूर लागतो की नाही हे बघताना बसत तसे. ती नजर ती पुढे कधीच विसरली नाही.

दिवाळीनंतर मंडळाचा खेळ लागला. आवडाबाई बायांमध्ये पुढे बसलेली, शेजारी रुपाबाई. रुपाबाईचं घर भिंतीला भिंत लागून, सुखदुःखाची सोबतीण. मुलगा मेला. विधवेनं त्याला मांडीवर घेतलं, पाय चाचपले. आवाज खालून घुमला, वर चढला, मधेच फुटला.

"माय वं! याची चप्पल घरीच राह्यली वं!"

मांडवात एक बिडी पेटली नाही. बाया पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. रुपाबाईनं आवडाबाईचा गुडघा गच्च धरला आणि हुंदके देत म्हणाली, "बाई, काय रडते वं तुहा नवरा! काळजाचं पाणी केलं!" रंगमंचावर लुगडं तिचं, पोलकं तिचं, रडणं तिचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि मांडव त्याला दूध पाजत होता. आवडाबाई तेवढी कोरडी बसून राहिली. लोकांनी तेही पाहिलं. पोरगी जाऊन वर्ष नाही झालं आणि ही दगड!

मास्तरांनी नाटकाला दिलेलं नाव त्या दिवसापासून मेलं. लोक त्याला चपलीचं नाटक म्हणायला लागले. गावोगावच्या जत्रांतून सुपाऱ्या यायला लागल्या. पोरं गल्लीत खेळताना चप्पल घरीच राह्यली वं करून लोळायची. आवडाबाई मळ्यात जाताना वाट बदलायची.

एकदा वांगी तोडताना तिनं विषय काढला. "अवो, ते माहं रडणं व्हय. ते मले वापस द्या."

उत्तमराव हसले. "तुहं रडणं जीपमदी ऐकलं कोनं? डायवरनं अन् म्या. म्या ते पुऱ्या वऱ्हाडाले ऐकवलं. पोरगी कोनाच्या ध्यानात राह्यली असती का? म्या तिले अमर केली, अन् तू मले जाब इचारून राह्यली?"

कलावंत माणूस! कलावंताला देवानं दोन जीव दिलेले असतात म्हणे. एक मात्र खरं, त्यातला एकही घरच्यांच्या वाट्याला येत नाही.

मग दिनेश झाला. तो सहा-सात वर्षांचा झाला तोवर मंडळाचे दिवस उतरायला लागले. मानोऱ्याकडच्या एका मंडळानं नागपूरहून खऱ्या बायाच आणल्या. लोक तिकडे वळले. उत्तमरावांचं रडणंही शिळं झालं होतं. रोज रोज उकळलेल्या चहाला कसली चव? मोठी नाट्यस्पर्धा तोंडावर आली होती आणि आवाज मधे फुटत नव्हता. नुसता चढायचा आणि उतरायचा.

"आवडे," ते एकदा चुलीजवळ येऊन म्हणाले, "एक खेप करून दाखव ना. तवा तू पहिले 'माय वं' म्हनलं का पहिले दम घेतला, तेवढंच सांग."

ती भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. उत्तमराव बांधावरून धावत आले. डोक्यावर टोपी नाही, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, श्वास फुललेला.

"आवडे! दिन्या हिरीत पडला वं!"

तिच्या हातातली जुडी सुटली. आणि तेच पुन्हा निघालं. खालून घुमलं, वर चढलं, मधेच फुटलं. ती मातीत पडून ओरडत होती. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं की नवरा पुढे धावत नाही. तो तिथंच उभा आहे, डोळे मिटून, मान जराशी कलती.

"बस, बस झालं," ते म्हणाले. "दम पहिलेच घेतला तू. पोरगं शाळेत हाय."

धोतर त्यांनी पाटाच्या पाण्यात बुडवून आणलं होतं. कामात माणूस एकदम चोख!

आवडाबाई शाळेपर्यंत पळत गेली. दिनेश वर्गात बसून पाढे म्हणत होता. तिनं त्याला ओढून बाहेर काढलं, छातीशी धरलं, आणि मग काय झालं कोण जाणे, सगळ्या शाळेसमोर फाडफाड मारलं. पोराला एवढंच आठवत राहिलं की एक दिवस काही कारण नसताना मायनं मारलं होतं. का मारलं, हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. बापाबद्दल पोराच्या कानात काय घालायचं, असं तिला वाटलं. तिचीच चूक. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मूठ कोणाची आणि लाख कोणाचे, हे आधी बघावं.

स्पर्धेत उत्तमरावांना ढाल मिळाली. ती दारासमोरच्या भिंतीवर लागली. येणारा जाणारा आधी ढालीला हात लावायचा.

त्यानंतर आवडाबाई रडली नाही. कोणी वाईट बातमी घेऊन आलं की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, कपडे ओले आहेत का. तिची आई गेली तेव्हा माहेरचा माणूस सांगायला आला, तर त्यालाच तिनं तीन-तीनदा खरं का म्हणून विचारलं. माहेरी जाऊन कोरडी बसली. भावजया म्हणाल्या, हिच्या पोटात काळीज नाही, पाटा-वरवंटा आहे. ती ऐकून घ्यायची. रडणं आत शाबूत आहे, एक दिवस आपलं आपण रडू, कोणी ऐकायला नसताना, एवढीच तिची आस होती. पण ऐकायला कोणी नाही अशी जागा नवऱ्यानं ठेवलीच नव्हती. पुढे मोबाईल आले. त्या रडण्याचा व्हिडिओ घरोघर फिरला. शेलूबाजारला ती मेथी विकत होती, गिऱ्हाईक भाव करत होतं, आणि त्याच्या खिशात तिचंच रडणं वाजायला लागलं. गिऱ्हाईकानं ते दाबून बंद केलं आणि म्हणालं, "दोन जुड्या दे."

दिनेश बापाच्या पावलावर पाऊल टाकून मंडळात शिरला. त्याचं बायको-पोरांचं सुरळीत होतं, बापाचे सत्कार तोच ठरवायचा. म्हाताऱ्या उत्तमरावांना लुगड्यात बघून नवी पोरं आधी खिदळायची, पण शेवटच्या प्रवेशाला गप्प व्हायची. मायशी दिनेशचं बोलणं जेवणापुरतं. माय डोक्यानं जरा कमी आहे, असं तो लोकांना सांगायचा. तेही प्रेमानं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी उत्तमरावांच्या छातीत कळ आली. दिनेशनं त्यांना उचलून गाडीत घातलं आणि वाशीमला नेलं. दुपारी आवडाबाईच्या फोनवर त्याचा आवाज आला.

"माय, बाबा गेले."

"तुहे कपडे ओले हायेत का?" तिनं विचारलं.

पोरानं फोन ठेवला. ती जुड्या बांधायला लागली. रुपाबाई छाती पिटत आली. "अवं, तुहा नवरा मेला, अन् तू मेथी बांधून राह्यली?"

आवडाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुले त्यायनं धाडलं का?"

प्रेत आलं तेव्हा तिला खरं वाटलं. अंगण माणसांनी फुललं होतं. मानोऱ्याचे आले, वाशीमचे आले, मंडळंच्या मंडळं आली. बाया तिच्याभोवती बसून वाट बघत होत्या. ती कोरडीच. या माणसासाठी रडायचं नाही, हे तिनं कधीच ठरवलं होतं. त्यानं पुष्कळ नेलं, आता हे शेवटचं देणार नाही. कुजबुज सुरू झाली, ती तिनं ऐकली आणि हलली नाही.

तिरडी बांधून झाली. चौघं पुढे आले. आवडाबाई भिंतीला धरून उठली, आणि तिची नजर उंबऱ्याशी गेली. उत्तमरावांना सकाळी उचलून नेलं होतं. त्यांच्या चपला तिथंच होत्या, एक सरळ, एक पालथी.

तिनं आवरायचा प्रयत्न केला. तोंडावर हात दाबला. पण पोटातलं ते कोणाचं ऐकणार? ते खालून घुमलं, वर चढलं, मधेच फुटलं.

"माय वं! यायची चप्पल घरीच राह्यली वं!"

त्यात उत्तमराव होते, तिची आई होती, आणि जीपमध्ये मांडीवर जड झालेली चार वर्षांची पोर होती. मग मागे कोणीतरी फसकन हसलं. एका पोरानं मोबाईल वर धरला. रुपाबाईनं डोळे पुसले आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "करते वं बरं, पन उत्तमरावाची सर नाही."

दिनेश गर्दीतून वाट काढत आला. लाजेनं त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं मायचा दंड धरला आणि तिच्या कानाशी वाकला.

"माय, आज तरी बाबाची नक्कल नको करू. लोक हासून राह्यले."

आवडाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग पदरानं तोंड पुसलं.

"नाही करत बाप्पा," ती म्हणाली.