लेकीला विचारायच्या शंका

आमच्या भाऊबंदांत कुणाच्या लग्नाचा बायोडाटा निघाला, की त्यातलं इंग्रजी तपासायला माझ्याकडे येतं. मी कचेरीत ‘क्लार्क-कम-टायपिस्ट’ आहे, एवढ्याच भांडवलावर. हुद्द्यात मोठं अक्षर कुठे, मधली आडवी रेघ कुठे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. दुसरं फारसं काही येत नाही, असं बायको म्हणते.

तरी प्रत्येक बायोडाटा मी बंगळुरूला लेकीकडे पाठवतो. ती एका कंपनीत लिखाणाचंच काम करते. ‘कशी आहेस’ विचारलं की ‘बरी’ एवढाच मेसेज येतो. इंग्रजीतली शंका विचारली की चक्क फोन येतो. हे लक्षात आल्यापासून माझं इंग्रजी झपाट्यानं बिघडलं.

गेल्या आठवड्यात लासलगावहून चुलतभाऊ आला. मुलगा कांद्याच्या कंपनीत असिस्टंट मॅनेजर.

“तात्या, हुद्दा ठसठशीत दिसू द्या. पोरीकडचे तेवढंच वाचत्यात.”

मी मधे एक फालतू रेघ घातली, ‘मॅनेजर’चं पहिलं अक्षर बारीक केलं आणि लेकीला पाठवलं : बघ बरं, बरोबर आहे का?

दोन दिवस काही नाही. फोन येत होते ते चुलतभावाचे. “झालं का नाय अजून? नाशिकरोडचं स्थळ हातचं जाईल.”

“लेक तपासतेय,” मी म्हणालो.

मेथी निवडता निवडता बायको म्हणाली, “तिच्या एका फोनसाठी त्या पोराचं लग्न अडवून बसलात.”

मी ती रेघ काढून टाकली, अक्षर मोठं केलं, चुलतभावाला पाठवून दिलं. मिनिटभराचं काम. लेकीला लिहिलं : राहू दे, झालं.

संध्याकाळी तिचा फोन. “बाबा, तुम्हाला असिस्टंट मॅनेजर लिहिता येत नाही? शाळेत असताना याच रेघांवरून किती ओरडायचात मला.”

“तेव्हा घरात होतीस,” माझ्या तोंडून निघून गेलं.

मग तिनं विचारलं, “आईनं काय केलंय आज?”

“मेथी. भाकरी.”

“बाजरीची?”

“हो.”

“रविवारी मी करते फोन. काही पाठवू नका.”

आज शनिवार. पेठहून मेव्हण्यानं भाचीचा बायोडाटा पाठवलाय, चुकांनी खच्चून भरलेला. सगळ्या मीच दुरुस्त केल्या, एकही मागे ठेवली नाही. आता उद्या ती काय बोलेल, आणि मी काय बोलू, एवढंच डोक्यात चाललंय.