किल्ल्याच्या पायथ्याचं गाव

माझ्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. अमेरिकेत क्रीक नावाच्या मूळ रहिवाशांच्या मुलखात सैन्याने सरहद्दीवर बांधलेल्या किल्ल्याचं मॉडेल करायचं आणि त्याचा इतिहास पालकांसमोर सांगायचा. तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, म्हणून हे विषय. पण किल्ला म्हटल्यावर आमच्या नवऱ्याच्या अंगातच आलं. इथे आखातात, सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या आमच्या एवढ्याशा बाल्कनीत दर दिवाळीला किल्ला करणारा माणूस तो, त्याला कोण अडवणार?

आइस्क्रीमच्या काड्यांचा लाकडी तट झाला, बुरूज झाले, आणि पायथ्याशी, आपण करतो तसंच, गाव वसलं. विहीर, बाजार, अळीव पेरून हिरवंगार शेत. मीही कौतुकाने बघत होते. किल्ल्याखालचं गाव म्हणजे किल्ल्याच्या आसऱ्याला आलेलं गाव, यापलीकडे आम्हा दोघांच्या डोक्यात काही येणंच शक्य नव्हतं.

मुलगी लायब्ररीतलं पुस्तक वाचून आली आणि तिने त्या शेतावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, दॅट फोर्ट वॉज अगेन्स्ट द व्हिलेज."

मग तिने सगळं सांगितलं. सैन्याने या लोकांची गावं जाळली, करार करून जमीन घेतली, आणि पुढे उरलेल्यांना घरदार सोडून पश्चिमेला चालत जायला लावलं. नवरा ओशाळला. बापलेकीने शेत उपटलं, तोफांची तोंडं गावाकडे वळवली. घरं मात्र तिने एकटीने पुन्हा केली, मातीने लिंपून, आणि निम्मी मेणबत्तीवर धरून काळी केली. शाळेत तिला ती घरंच दाखवायची होती, किल्ला नव्हे.

प्रदर्शनाच्या सकाळी सुपरवायझर बाई आल्या आणि गाव काढायला सांगून मोकळ्या झाल्या. विषय किल्ल्याचा आहे, पाहुणे येणार, जळकी घरं बरी दिसत नाहीत म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतिहास वाचायला तुम्हीच सांगायचं, आणि पोरीने तो वाचला की तिच्याच तोंडाला कुलूप लावायचं? मी काही बोलणार तोच नवऱ्याने माझा दंड धरला. जाऊ दे, खलास, तिला अजून इथेच शिकायचंय, उगाच मार्क कापतील, असं तो पुटपुटला.

खरं सांगते, बाईंपेक्षा मला त्याचाच जास्त संताप आला. दिवाळीत मावळ्यांच्या शौर्याचं कौतुक सांगताना थकत नाही, आणि इथे एका बाईसमोर शेपूट घालतो! मी त्याला तिथेच, भर हॉलमध्ये, मराठीत झाडलं. लोक वळून बघू लागले, बघेनात का. तोही चिडला, मला भानावर यायला सांगू लागला.

आमचं हे चालू असताना मुलीने दोन्ही हातांनी किल्ला उचलला. टेबलावर नुसतं गाव उरलं. एरवी आम्ही मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी किल्ला बापाच्या हातात ठेवत म्हणाली, "बाबा, हा घरी घेऊन जा. गाव इथे आधीपासून होतं."

आणि समोर आलेल्या पहिल्या पालकांना ती एकेका घराबद्दल सांगू लागली.