बांधापलीकडचा उजेड

दिवस मावळला की सयाजीला दिसत नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण सयाजी ते कधी मान्य करत नाही. "माझ्या पायांना वाट पाठ हाये," असं सांगतो आणि अंधार पडल्यावर मोटार बंद करून खरोखरच एकटा बांधावरून घरी येतो.

नारायणगावजवळ त्याची शेवंती आहे. शेवंती रात्र ओळखणारं पीक. रोपं लहान असताना रात्री वावरभर बल्ब लावायचे. दिवस आहे असं समजून ती नुसती उंच वाढते. मग सणाचा अंदाज घेऊन बल्ब बंद करायचे. अंधार मिळाला की ती कळी धरते. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाने अंधारावरच पोट भरावं, ही गंमतच. पण सयाजीचा राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून ती त्याच्यासमोर कोणी केली नाही.

यंदा दसऱ्याच्या बेताने त्याने बल्ब बंद केले. वावरभर कळ्या लागल्या. थोरल्या भावाच्या, भरतच्या बांधालगत यंदाच पहिल्यांदा लावलेला पट्टा मात्र ढिम्म. सयाजीने रोपवाटिकेवाल्याला शिव्या घातल्या, औषधं फवारली. पट्टा हिरवाच. दसऱ्याचं फूल दसऱ्यालाच. नंतर त्याला कुत्रं विचारत नाही.

त्याची मुलगी आरती पुण्यात पदार्थविज्ञान शिकते. ती सुट्टीला आली होती. चहा पिताना म्हणाली, "आप्पा, सगळ्यात पहिले तारे पेटले ते कवाच विझले. पण त्यांचा उजेड अजून आभाळात हाये. इतका पुसट, की डोळ्याला दिसत न्हाई."

"मग कळतो कसा?"

"जे दिवे ठाऊक हायेत ते सगळे वजा करायचे. मागं जे उरतं, त्यात शोधायचं."

"बिनकामाचे धंदे," सयाजी म्हणाला. पण त्याच संध्याकाळी त्याने अंगणातला दिवा बंद केला, गोठ्यातला केला, मोटारीच्या खोलीतला केला आणि आरतीला त्या पट्ट्यात उभं केलं.

"काय उरलं?"

"भरततात्यांच्या दारातला बल्ब. पानांवर पडतोय, आप्पा. लई पुसट."

सयाजीने खाली पाहिलं. त्याला नुसतं काळंकुट्ट दिसत होतं. शेवंतीला मात्र तेवढाही उजेड पुरत होता.

वाटणीपासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं होतं. ती विहीरही आता बुजली. तरी सयाजीच्या मनात एकच आलं: भरत जळतो माझ्यावर, म्हणून बल्बही जाळतो.

सकाळी तो तावातावाने बांध ओलांडून गेला. भरत घरी नव्हता. त्याची बायको कुशाबाई ओसरीवर शेंगा सोलत होती. "या भाऊजी," म्हणाली, जणू तो कालच येऊन गेला होता.

सयाजी उभ्यानेच बोलला, "वहिनी, त्यो बल्ब रातीचा बंद ठिवा. माझी शेवंती फुलंना."

"मला नका सांगू, भावाला सांगा. मीबी म्हणते, उगं रातभर कशाला? तर म्हणत्यात, सयाला बांध दिसत न्हाई. दिव्याचा रोख धरून येतंय बिचारं. ल्हानपणी त्याच्या म्होरं कंदील घेऊन मीच चालायचो."

सयाजीचा राग पार उतरला. रोज येताना तो बल्ब उजव्या हाताला असायचा. तो तिथं नसता तर पायांना काय पाठ होतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं, आणि त्याला लाज वाटली.

कुशाबाई उठली. दारातल्या बल्बाकडे हात करत म्हणाली, "काढूनच टाकू का?"

"ऱ्हाऊ द्या," सयाजी म्हणाला आणि परत फिरला.

दसऱ्याला बाकीचं वावर पिवळंधमक झालं, तोडून बाजारात गेलं. बांधालगतचा पट्टा हिरवाच राहिला. संध्याकाळी सयाजीने आपट्याची पानं खिशात घातली. आरती सोबत येते म्हणाली, तर नको म्हणाला. चांगला अंधार पडू दिला आणि बल्बाचा रोख धरून तो एकटाच भावाला सोनं द्यायला निघाला.