आयचे धवले आणि माझ्या दोन सिस्टिम

माझ्या कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम आहेत आणि दोन्ही उत्तम चालतात. हे आधीच सांगून टाकतो. यापुढे सांगण्यासारखं यश नाही.

माझी आय पालेगावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, आमची लग्नगीतं, गाणारी. तिने धवले गायल्याशिवाय आम्हा आगऱ्यांच्या मांडवात हळद लागत नसे. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि नुसती कुजबूज उरली. नशिबाने तिचे धवले मी आधीच रेकॉर्ड करून कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर ठेवले होते. भाचीच्या, सोनलच्या हळदीत तेच लावायचे ठरले होते.

आणि हळदीच्या तोंडावर मला सुचलं, की विंडोज फार रेंगाळतं, तर त्याच्या शेजारी लिनक्स टाकावं. (का सुचलं, ते विचारू नका!) व्हिडिओ पाहून कामाला लागलो. नव्या सिस्टिमला जागा कुठली देऊ? डी ड्राइव्ह मला रिकामाच वाटला. मशीनने सभ्यपणे विचारलं, सगळं पुसू? मी त्याहून सभ्यपणे 'हो' म्हटलं.

मग अख्ख्या घराला बोलावून पडद्यावरची दोन नावं दाखवली. टाळ्या पडल्या!

आय कुजबुजली, "माजे धवले कं हान रं?"

डी ड्राइव्हवर काय होतं, ते मला तेव्हा आठवलं. "ते... दुसऱ्या सिस्टिममधी हान."

"मग ती लावा ना," बायको म्हणाली.

"अपडेट होतेय."

ते अपडेट हळद दोन दिवसांवर आली तरी चालूच! बायको म्हणाली, "अवो, एवढ्यात समोरच्या नव्या टॉवरचा अख्खा स्लॅब भरून झाला!"

शेवटी मशीन उचलून उल्हासनगर कॅम्प चारच्या रिपेअरच्या दुकानात नेलं. सिंधी दुकानदाराने पाहिलं आणि मान हलवली. "साईं, इसके ऊपर नया सिस्टम बैठ गया. अब कुछ नहीं निकलेगा."

"कुछ तो?"

"दो सिस्टम हैं ना! दोनों चकाचक!"

घरी येऊन आयसमोर बसलो. "आये, धवले गेले. मीच पुसले."

मला शिव्या द्यायला तिच्याकडे आवाज नव्हता; आणि होता तेव्हाचा आवाज मी पुसला होता.

"बस हितं," ती कुजबुजली. "मी सांगते, तू गा."

"मी? आये, धवले बायका गातात!"

"पुसताना बाई लागली का तुला?"

हळदीला आय माझ्या पाठीमागे बसून कानात कुजबुजत होती आणि मी, टक्कल आणि पोटासकट, मोठ्याने गात होतो. पहिल्या ओळीला बायकांनी पदर तोंडात कोंबले. तिसऱ्या ओळीला एकीने मागून सूर धरला, मग सगळ्यांनीच धरला. माझी बहीण, नवरीची आई, ढसाढसा रडली. (त्यात माझ्या सुराचा वाटा किती, हे मी विचारलं नाही.)

शेवटी धवलारणीचं मानाचं लुगडं प्रथेप्रमाणे माझ्याच हातात ठेवलं गेलं! मी ते आयच्या पायाशी ठेवलं.

"घाल तुज्या त्या मशिनीवर," ती म्हणाली. "उघडताना तरी लाज वाटंल."

तेव्हापासून माझा कॉम्प्युटर लुगडं पांघरून बसतो. सुरू केला, की अजून विचारतो, कोणती सिस्टिम हवी? मी कशालाच हात लावत नाही. तो जरा वाट बघतो आणि आपलं आपणच ठरवतो. माझ्यावर सोपवलं की काय होतं, ते त्यालाही आता कळलंय!