माझ्या मानेचं भोक आणि सातव्यातलं ग्रहण

वडील मोंढ्यात हमाली करायचे, आई छावणीतल्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही सगळे. त्यात माझ्या मानेला जन्मापासून एक बारीक भोक, टाचणीच्या डोक्याएवढं. त्यातून अधूनमधून पाण्यासारखं काहीतरी झिरपायचं, म्हणून बारा महिने गळ्याभोवती ओढणी. इलाज परवडत नव्हता. कारण मात्र घरपोच मिळायचं. आत्या दर दिवाळीला सांगायची, "सातवा चालू होता हिला. डोहाळजेवणाला मी सोता आले होते. गिऱ्हान लागलं अन् ही बया विळीवर वांगी चिरत बसली! लागली ना विळी पोरीच्या मानेला." आई मान खाली घालून भांडी घासत राहायची. मला माझ्या मानेपेक्षा तिच्या त्या खाली घातलेल्या मानेचा राग यायचा.

पुढं मी मेडिकलला लागले. खानदानात दहावीच्या पुढं गेलेली पहिली मीच, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. पहिल्याच वर्षी सरांनी फळ्यावर गर्भाच्या घशाच्या कमानी काढल्या. जबडा, कानातली हाडं, गळा, सगळं या कमानींतून घडतं. दुसरी कमान वाढत खाली येते आणि खालच्या खाचा झाकून टाकते. एखादी खाच पुरती बुजली नाही, तर मानेला भोक राहतं. "पण हे तुम्हाला सहसा बघायला मिळायचं नाही," सर म्हणाले.

मी उभी राहिले आणि ओढणी सोडली. वेरूळची मूर्ती बघावी तसे सर मला तिन्ही बाजूंनी बघून गेले.

दिवाळीत आत्या आली, विळी निघाली. मी म्हटलं, "आत्या, ही जागा दुसऱ्या महिन्यात घडते. सातव्यात माझी मान कधीच तयार होती."

आत्याला विज्ञान लगेच पटलं. आईकडं वळून म्हणाली, "मग दुसऱ्या महिन्यात काय चिरलंस गं?"

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "दुसऱ्या महिन्यात मी तुमच्याकडं होते, वन्सं. तुमच्या बाळंतपणाला. तुमच्याच घरचे कांदे चिरत होते."

वडलांनी आत्यापुढं ताटली सरकवली. "लाडू घे, आक्का."

भोकाचं ऑपरेशन पुढं आमच्याच कॉलेजच्या दवाखान्यात झालं. मी डॉक्टर झाले. आणि आमच्या घरात विळीचं नाव परत कुणी काढलं नाही.